टाचणीबाईंचा पलंग आणि जाऊबाईंचं मनगट

टाचणीबाईंच्या तोंडात टाचण्या नसल्या की ओळखीची माणसंसुद्धा जरा बिचकायची. बाईंना बरं नाहीये की काय, असं वाटायचं. पन्नास वर्षं शिवणकाम केलेली बाई ती. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार-पाच टाचण्या धरायच्या आणि उजव्या कोपऱ्याने जगाशी बोलायचं. त्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, आणि त्यातही गणिताच्या तासाला बाकाखाली बाहुलीचे कपडे शिवणं चाललेलं. पण जिन्यावरून कुणी खाली उतरताना नुसती पाठ दिसली तरी याचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे, हे त्या सांगून टाकत, आणि माणूस उतरता उतरता सरळ होत असे.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल आणि लोकांचे लांब-आखूड करायला आलेले कपडे. मागच्या खोलीत त्यांच्या थोरल्या जाऊबाई. नवरे दोघे सख्खे भाऊ. ते एकामागून एक गेले आणि मागे या दोन जावा उरल्या. तुम्हाला एकमेकींबरोबर राहायचंय का, हे दोघींना कुणी विचारलंच नाही. त्यांनीही एकमेकींना विचारलं नाही. बघता बघता बारा वर्षं झाली.

जाऊबाई औषधाच्या कारखान्यात होत्या. बाटल्यांना झाकणं लावायचं काम. झाकण बसवायला पुढे यंत्र आलं, पण शेवटचा पीळ हाताने द्यायचा, आणि तो जाऊबाईंचा. कारखान्यात त्यांना 'पाना' म्हणत. बत्तीस वर्षांत आपली एक बाटली गळली नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगत, आणि कुणी ऐकायला नसलं तर भांडी घासता घासता भांड्यांना सांगत. घरातली कुठलीही बरणी त्यांनी एकदा बंद केली की त्यांच्याशिवाय कुणाच्या बापाला उघडायची नाही. टाचणीबाईंना साखर हवी असली तरी मागच्या खोलीत अर्ज करावा लागे.

"जाऊबाई, तेवढी बरणी उघडता का?"

"तुझ्या हातात जोर कसला तो नाहीच. टाचण्या उचलून उचलून बोटं मुंगीची झालीत."

टाचणीबाईंचं उलट. त्यांचं सगळं कच्च्या टाक्यावर. दिनदर्शिका टाचणीने लावलेली, उशीचा अभ्रा टाचणीने बंद केलेला. 'आत्ता तात्पुरतं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खिडकीच्या पडद्याचं तात्पुरतं तेव्हा सातव्या वर्षात होतं.

तर झालं असं, की एके दिवशी सकाळी जमिनीवरच्या गादीवरून उठताना टाचणीबाईंचा पाय चादरीत अडकला आणि त्या कोपरावर पडल्या. हाड शाबूत राहिलं, पण कोपर मात्र टम्म सुजलं. त्यांनी ही गोष्ट मुलाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. जाऊबाईंनीही नाही सांगितली. त्यांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "काय रे, कोपराला बर्फ किती वेळ लावायचा असतो?"

मुलगा तीन तासांच्या अंतरावर, दुसऱ्या शहरात. स्वभावाने गरीब, पण काळजीचा कारखाना. तो म्हणाला, "आई, आता पुरे. तू माझ्याकडे चल. मशीन देऊन टाकू कुणाला तरी."

त्याच्या घरात माणसाला जागा होती, मशीनला नव्हती. आणि काकूचं काय, हे तो बोललाच नाही. टाचणीबाईंच्या तोंडातल्या टाचण्या पहिल्यांदाच टोचल्या. मग फोनवरच घासाघीस झाली आणि शेवटी तह झाला. जमिनीवर झोपणं बंद. मुलगा पलंग पाठवेल. आई त्यावर नीट झोपतेय, नीट उठतेय, हे तो स्वतः येऊन बघेल. पटलं तर आई इथेच. नाही पटलं तर आईने सामान बांधायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही.

"चालेल," टाचणीबाई म्हणाल्या. पलंगावर झोपण्यात काय मोठं शौर्य, असं त्यांना वाटलं.

पलंग यायचा होता, आलं खोकं. वीतभर जाड आणि पुरुषभर लांब. दोन माणसांनी ते दारात आडवं ठेवलं, टाचणीबाईंचा अंगठा घेतला आणि ते जिना उतरून गेलेसुद्धा.

जाऊबाई खोक्याभोवती एक फेरी मारून आल्या. "हा पलंग? ह्याच्यावर झोपायचं की ह्याला पोस्टात टाकायचं?"

आत फळ्या, दांडे, पट्ट्यांची गुंडाळी, लाकडी खुंट्या, आठ मोठे बोल्ट, काटकोनात वाकलेली एक चिमुकली किल्ली आणि एक पुस्तक. पुस्तकात एकही अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. चौथी पास आणि तिसरी नापास अशा दोघींना आयुष्यात पहिल्यांदा असं पुस्तक मिळालं, जे दोघींना अगदी सारखंच कळत होतं. म्हणजे कळत नव्हतं. पहिल्या पानावर एक गोल डोक्याचा, बिनकेसांचा माणूस एकटाच फळी धरून रडवेला उभा होता आणि त्याच्यावर मोठी फुली. शेजारच्या चित्रात तसेच दोघे जण, आणि दोघेही हसतायत.

"कळलं का?" जाऊबाई म्हणाल्या. "एकट्याने करू नये. दुसरं कोणीतरी लागतं, चुका काढायला."

कामाची वाटणी आपोआप झाली. जुळवायचं टाचणीबाईंनी, पिळायचं जाऊबाईंनी. पण सुरुवातीलाच हाताची सवय आडवी आली. कापड शिवताना दोन्ही सुलट बाजू आत घेऊन एकमेकींवर ठेवायच्या, उलट बाजू बाहेर, शिवून झालं की उलटून घ्यायचं. टाचणीबाईंनी फळ्या अगदी तशाच लावल्या. तुळतुळीत पॉलिश आत, खरबरीत बाजू बाहेर.

जाऊबाईंनी कमरेवर हात ठेवून बघितलं. "आणि आता काय, हा मोज्यासारखा उलटून घ्यायचाय का?"

नशीब, अजून पीळ दिलेला नव्हता. फळ्या फिरवल्या. मग जाऊबाईंनी बाह्या सारल्या आणि पहिला बोल्ट असा आवळला, की लाकूड हुंकारलं. दुसरा आवळला, तिसरा आवळला. एक बसला की तो संपला, मगच पुढचा, ही त्यांची बत्तीस वर्षांची शिस्त. सातव्यापर्यंत सगळं सुरळीत. आठव्याचं भोक काही समोर येईना. फळीचं भोक इथे आणि दांड्याचं बोटभर तिकडे.

"माप चुकलंय त्यांचं," टाचणीबाई म्हणाल्या.

"माप नाही, माज आहे त्याचा," असं म्हणून जाऊबाईंनी फळीला खांदा लावला, दात-ओठ खाल्ले, आणि बोल्ट तिरका-बिरका जसा जाईल तसा आत घातला. "बघ. आला की नाही वळणावर."

वर गादी टाकली. टाचणीबाई मोठ्या थाटात बसल्या. पलंग आधी डावीकडे झुकला, मग उजवीकडे झुकला, मग 'कुईं' म्हणाला. त्या घाईने उठल्या तर तो भिंतीपासून चार बोटं पुढे आला होता.

"चालतोय की हा," टाचणीबाई म्हणाल्या.

"फरशी वाकडी आहे," जाऊबाई म्हणाल्या. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पलंगाला उभं राहता येईना आणि फरशी वाकडी.

मग उपचार सुरू झाले. डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, तर उजवा पाय उचलला गेला. उजव्याखाली जुन्या चपलेचा तुकडा घातला, तर डोक्याकडचा कुरकुरला. डोक्याकडे दोऱ्याचं रिकामं रीळ ठोकलं, तर डुलणं तिथून निघून पायथ्याशी जाऊन बसलं. जणू घरात कुणी आगाऊ पाहुणा आला होता आणि त्याला एकही खोली पसंत पडत नव्हती. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय.

गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्याने पलंगाला एक टिचकी मारली, आवाज ऐकला आणि खाटकन हात मागे घेतला. "आजी, मी लाकडाचं काम करतो. हे बिस्कीट आहे. ह्यात खिळा मारला तर भुगा व्हायचा आणि नाव माझं जायचं. नवा करून देतो, सागाचा. दोन महिने लागतील."

दोन महिने कुठले आणायचे? शुक्रवारी दुपारी मुलाचा फोन आला, तोही चेहऱ्याचा.

"आई, पलंग जोडला का? दाखव."

टाचणीबाईंनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई पलंगाच्या मागे गेल्या, वयाच्या बहात्तराव्या वर्षी फरशीवर आडव्या झाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाचे मागचे दोन पाय धरले.

"हा बघ," टाचणीबाई फोन फिरवत म्हणाल्या. "छान आहे हो. अगदी राजवाडाच."

"बस ना त्याच्यावर."

टाचणीबाई बसल्या, पण पिसाने बसावं तशा. अर्धं वजन पलंगावर आणि अर्धं देवावर. मागून जाऊबाईंचा श्वास भात्यासारखा यायला लागला.

"आवाज कसला येतोय?"

"पंखा आहे."

"आणि तो हात कोणाचा? खाली, पायाशी."

टाचणीबाईंनी खाली बघितलं. जाऊबाईंचं ते जगप्रसिद्ध मनगट पलंगाच्या पायाला वेटोळं घालून होतं. "तुझ्या काकूचा. झाडतायत त्या."

"झाडू कुठेय मग?"

पलंगामागून आवाज आला, "हाताने झाडतेय. तुझ्यासारख्या शंकेखोर माणसाला झाडूने झाडायला हवं."

मुलगा हसला नाही. "मी रविवारी येतो. स्वतः बसून बघतो. आई, पलंग हलला तर मी काकूंचंसुद्धा ऐकणार नाही हं. त्याच गाडीने तुला घेऊन जाणार."

फोन बंद झाला. जाऊबाईंना उठवायला दोन हात, एक खुर्ची आणि पाच मिनिटं लागली. कपडे झटकता झटकता त्या म्हणाल्या, "जा की तू. मला काय. दोन्ही खोल्या मिळतील. पुढच्या खोलीत ऊनही चांगलं येतं."

"जाईनच," टाचणीबाई म्हणाल्या. "तिथे साखरेची बरणी तरी उघडते."

हे बोलायला नको होतं. जाऊबाईंनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. तेही घट्ट.

शनिवारी टाचणीबाईंकडे एका गवयाच्या कोटाची बाही आली होती. डावी बाही खांद्याशी फुगत होती, आणि आलाप घेताना हात वर केला की कोटाचा अर्धा भागही वर जात होता. आधीच्या कुणीतरी बाही एका टोकापासून थेट मशीनवर मारत आणली होती. असं केलं की शेवटी बोटभर कापड उरतंच. ते कुठे कोंबायचं कळत नाही, मग शिंपी ते कसंबसं दाबून शिवतो आणि बाही आयुष्यभर रुसून बसते. टाचणीबाईंनी बाही उसवली आणि हाताने गोल फिरत कच्चा धावदोरा घातला, सैल सैल. मग कोट हँगरवर अडकवून लांबून बघितला. पुढून जरा ओढला, मागून जरा सोडला. बाही पडायची तशी पडली. आता मशीन मारायला हरकत नव्हती.

आणि मशीनच्या पायट्यावर पाय ठेवता ठेवता त्या थांबल्या.

शेवटी बोटभर उरतं. आठव्या बोल्टला काय उरलं होतं? बोटभर.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि तोंडातल्या पाचही टाचण्या मांडीवर पडल्या. घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं होतं.

त्यांनी लाल दोऱ्याचं रीळ उचललं. गादी ओढून काढली, पट्ट्यांची गुंडाळी काढली. सांगाड्याच्या डोक्याच्या डाव्या कोपऱ्यापासून पायाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला आणि गाठ मारली. तोच दोरा उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरला. तिथे तो लोंबला. चांगला तीन बोटं लोंबला. म्हणजे पलंग चौकोनी नव्हताच मुळी. पतंगासारखा एका अंगाला खेचलेला. कापडाचं असंच असतं. आडवं सरळ, उभं सरळ, पण तिरकं चुकलं की कपडा अंगावर फिरतो.

रोग सापडला, पण औषध मागच्या खोलीत रुसून बसलं होतं. आठही बोल्ट सैल करायला हवे होते, आणि जाऊबाईंनी पिळलेलं जाऊबाईंशिवाय कुणाला सुटतंय? तरी टाचणीबाईंनी किल्ली लावून बघितली. बोल्ट हलला नाही, किल्लीने उलट त्यांच्या तळहातावर आपला शिक्का उमटवला.

त्यांनी मागच्या दारावर टकटक केली.

"साखर हवीय का?" आतून विचारणा झाली.

"नाही. तुम्ही हव्यात."

आत कडी सरकली. मग दार उघडलं. टाचणीबाईंनी दोरा दाखवला, लोंबणारी तीन बोटं दाखवली, बाहीची गोष्ट सांगितली. आठही बोल्ट आधी नुसते अडकवायचे, सैल. मग दोऱ्याने माप घेऊन चौकट सरळ करायची. मग थोडं थोडं आवळायचं, समोरासमोरचे.

जाऊबाईंचा चेहरा आवळत गेला. "म्हणजे मी बत्तीस वर्षं चुकीचं पिळत आले."

"तसं कुठे म्हणतेय मी?"

"माझी एक बाटली गळली नाही आजवर."

"बाटलीला एकच झाकण असतं, जाऊबाई. ह्याला आठ आहेत, आणि आठही एकमेकांशी भांडतायत. पहिल्याला तुम्ही असा धाक घातलात, की तो आठव्याला जागाच देईना."

जाऊबाईंनी सांगाड्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर पीळ हाच सुंभाचा धंदा. पण थोड्या वेळाने त्या खाली बसल्या, किल्ली हातात घेतली आणि बोल्टकडे बघतच म्हणाल्या, "काल त्या बरणीचं बोललीस ना. मी ती एवढी घट्ट लावते ती उगाच नाही."

"मग?"

"तू हाक मारावीस म्हणून." त्यांनी किल्ली बोल्टात घातली. "उघडा म्हणणारंच कोणी नसलं, तर मी काय बरण्या स्वतःच लावू आणि स्वतःच उघडू? आता बघत काय उभी राहिलीस, तो दांडा धर."

टाचणीबाईंनी दांडा धरला. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या आणि तरी बोलता येत नव्हतं.

एक एक करून सात बोल्ट सुटले. प्रत्येक सुटताना सांगाडा कण्हायचा, आणि थोडासा मोकळा व्हायचा. जाऊबाई प्रत्येकाला निरोप देत होत्या. "जा बाबा. रागावू नकोस. तुझी चूक नव्हती." आठवा मात्र हलेना. तिरका घुसलेला, लाकडात दात रोवून बसलेला. जाऊबाईंनी उजव्या हाताने बघितलं, डाव्याने बघितलं, पाय लावून बघितलं.

"माझंच मनगट मला ऐकेना," त्या म्हणाल्या. आवाजात थोडी भीती होती आणि बराच अभिमान.

टाचणीबाईंनी मशीनच्या तेलाची कुपी आणली. जुन्या यंत्राला रोज दोन थेंब लागत, तेच दोन थेंब बोल्टाच्या मुळाशी सोडले. "आता ह्याला चहा होईपर्यंत मुरू द्या."

चहा झाला. मग दोघींनी मिळून किल्ली धरली. जाऊबाई पुढे, टाचणीबाई मागून त्यांच्या कमरेला विळखा घालून.

"तीन म्हटलं की ओढायचं," जाऊबाई म्हणाल्या. "एक."

टाचणीबाईंनी 'एक' ऐकताच ओढलं. 'टक्' असा आवाज झाला, बोल्ट सुटला, किल्ली कुठेतरी उडाली, आणि दोन्ही जावा भिंतीला टेकवलेल्या गादीवर पाठीमागे कोसळल्या. गादीही त्यांच्या भाराने हळूहळू भिंतीवरून घसरली आणि दोघींना पोटात घेऊन फरशीवर पसरली. वरून इस्त्रीला ठेवलेल्या तीन विजारी पडल्या. एक जाऊबाईंच्या डोक्यावर.

"चौथीपर्यंत गणित होतं ना तुला?" विजारीतून आवाज आला. "एकानंतर तीन येतो का?"

आणि मग जे हसू सुटलं ते आवरेना. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. टाचणीबाईंनी डोळे पुसायला हाताला लागलं ते उचललं, तर ती गवयाच्या कोटाची बाही निघाली. कच्ची होती ती, हातातच आली. त्यावर पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठीने ठोकलं. जाऊबाईंनी फरशीवर टाच आपटून उत्तर दिलं.

पुढचं काम मात्र दोघींनी ऑपरेशन करावं तसं केलं. आठही बोल्ट नुसते अडकवले. आठवा आता शहाण्यासारखा सरळ आत गेला, भोक अगदी समोर. दोरा ताणला. लांब कोपऱ्याला टाचणीबाईंनी कमरेने हलकेच ढकललं, पुन्हा दोरा, पुन्हा जरा ढकललं. तीन बोटांची दोन झाली, दोनाचं एक, आणि मग दोरा दोन्हीकडे सारखा बसला, तंबोऱ्याच्या तारेसारखा.

"आता द्या पीळ. पण एकेक पाव वेढाच. इथे एक, मग समोर एक."

"पाव?" जाऊबाई दुखावल्या. "पाव वेढा म्हणजे काय पीळ आहे? मी पाव वेढा कधी दिलेला नाही."

"आत्ता तात्पुरता."

जाऊबाई कोपऱ्याकोपऱ्याने रांगत फिरल्या. पाव इथे, पाव तिथे. चार फेऱ्या झाल्यावर टाचणीबाई म्हणाल्या, "आता शेवटचा तुमच्या मनाचा." तेव्हा जाऊबाईंचं तोंड दिवाळखोर माणसाला वडिलोपार्जित घर परत मिळावं तसं उजळलं. लाकूड पुन्हा हुंकारलं, पण या वेळी समाधानाने.

रविवारी अकराच्या सुमाराला मुलगा आला, सोबत सहा वर्षांची नात. मुलाने बूट काढले, पाणीही न पिता पुढच्या खोलीत गेला आणि पलंगावर बसला. डावीकडे कलला. उजवीकडे कलला. उठला, पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला. खोलीत तो एकटाच हलला.

नातीने तेवढ्यात पलंगावर चढून उड्या मारायला सुरुवात केली. "आजी, हा आमच्याकडच्यासारखा ओरडत नाही," ती मधूनच म्हणाली. तिचे दोन्ही हात छताकडे जात होते आणि पलंग मख्खासारखा उभा होता. "मोठी आजी, तू पण ये."

"मी आले तर तू छताला चिकटशील," जाऊबाई म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या, हातात बिस्किटांची बरणी.

मुलगा गुडघ्यांवर बसला आणि पलंगाखाली डोकावला. पुठ्ठा नाही, चप्पल नाही, रीळ नाही. फक्त एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला एक लाल दोरा.

"आई, हे काय आहे?"

"कच्चा टाका. काढायचा राहिला." टाचणीबाईंनी वाकून टोक धरलं, आणि बाहीतून धावदोरा काढतात तसा तो सरकन ओढून घेतला. गुंडाळून रिळाला लावला. दोरा वाया घालवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

"मिस्त्री कोण बोलावला होता?"

"दोन होते," जाऊबाई दारातून म्हणाल्या. "एकीला मोजता येत नाही आणि दुसरीला थांबता येत नाही."

मुलगा पलंगाच्या कडेवर बसून राहिला. खाली बघत होता, मोज्याचा धागा ओढत होता. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायच्या आधी बसायचा तसाच. मग म्हणाला, "आई, तरी तू एकदा आमच्याकडे चल."

जाऊबाईंनी बरणीचं झाकण आणखी घट्ट पिळलं. टाचणीबाईंनी घाईघाईने दोन टाचण्या उचलून तोंडात धरल्या. तह मोडतोय की काय.

"तह काय ठरला होता?" त्या टाचण्यांतून म्हणाल्या.

"तसं नाही गं. काकू, तुम्हीपण चला. फक्त एक दिवस. रात्रीपर्यंत परत आणून सोडतो." त्याने नातीकडे बघितलं. ती आपली उड्या मारत होती. "आमचापण असाच खोक्यातून आलेला आहे. डबलचा. मीच जोडलाय. दोन वर्षं झाली, भिंतीला टेकवून ठेवलाय. कुशीवर वळायचं असेल तर आधी एकमेकांना सांगून वळावं लागतं."

सगळ्यांत आधी जाऊबाईंच्या पोटात हसू हलायला लागलं, मग खांद्यांत, आणि टाचणीबाईंना तोंडातल्या टाचण्या घाईने काढून कॉलरला लावाव्या लागल्या.

"बोल्ट किती आहेत?" जाऊबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"बारा."

"पीळ कोणी दिलाय?"

"मीच."

"मग सुटतील," जाऊबाई म्हणाल्या.

निघायची तयारी झाली. टाचणीबाईंनी लाल दोरा घेतला, वाकडी किल्ली घेतली आणि मशीनच्या तेलाची कुपी पिशवीत टाकायला काढली. जाऊबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, झाकण सवयीने कचकचून पिळलं. मग जरा थांबल्या. पुढच्या खोलीतल्या पलंगाकडे बघितलं, आणि झाकण अर्धा वेढा मागे घेऊन कुपी परत दिली. "घे. तुला उघडता येईल असं ठेवलंय."

गाडीने पहिलं वळण घेतलं तेव्हा टाचणीबाईंच्या मांडीला गार लागलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तेलाने माखलेला बाहेर काढला.

"जाऊबाई," त्या म्हणाल्या, "गळली."

जाऊबाईंनी तो हात बघितला, कुपी बघितली. बत्तीस वर्षांत पहिली. मुलगा पुढून विचारत होता, काय झालं, गाडी थांबवू का, आणि मागच्या सीटवर दोघींना हसण्यातून उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं.